डाळजजवळचं फॅमिली गार्डन

आमच्या आक्काचं लग्न ठरता ठरता अडलं होतं, आणि ते एका जेवणानंतर पुन्हा मार्गी लागलं. ते जेवण इतकं वाईट होतं की तसं मी त्याआधी कधी जेवलो नव्हतो. ठिकाण मात्र मीच निवडलं होतं.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नुकताच कायम झालो होतो. आम्ही पिंपळीला राहायचो. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. कालव्याच्या पाण्याच्या अर्जासाठी रोज शेतकरी त्यांच्या टेबलापुढं उभे असायचे, पण आबांनी कधी कुणाचा साधा चहाही घेतला नाही. आमच्या घराण्यानं आजोबांच्या काळात धम्म स्वीकारलेला. सकाळी अंघोळ झाली की आबा बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून मोठ्यानं वंदना म्हणायचे. शेजारची माणसं त्यावरून घड्याळ लावतात, असं आई सांगायची.

आक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिला इंदापूरचं स्थळ आलं होतं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर. त्याचे वडील लवकर गेलेले. आई सरकारी दवाखान्यात नर्स. पाहायला आले तेव्हा मुलगा फारसं बोलला नाही, पण आक्काला आवडला, हे तिनं कप उचलताना आईला डोळ्यांनीच सांगून टाकलं. अडलं ते लग्नाच्या जागेवरून. आबांना लग्न आमच्या दारात करायचं होतं. मुलाचे मामा पुण्याला नोकरीला होते. त्यांना ते इंदापुरात कार्यालय घेऊन करायचं होतं.

"आमची हापिसातली माणसं येणार. पिंपळीत एवढी माणसं मावायची कुठं?" असं ते आमच्याच ओसरीवर बसून म्हणाले.

आबा तेव्हा गप्प बसले. पण नंतर स्थळ आणणाऱ्या मध्यस्थापाशी बोलून गेले, "मावत न्हाईत तर येऊ नका म्हणावं." मध्यस्थानं ते इंदापूरला पोचवलं, आणि पोचवताना त्यात आपल्या पदरचंही थोडं घातलं असणार. त्यानंतर तीन आठवडे तिकडून काही कळलं नाही. आक्का घरातली कामं करायची, पण कुणाशी बोलायची नाही. आई तिच्याकडं बघायची आणि आबांकडं बघायची. आबा वर्तमानपत्रात डोकं घालून बसायचे.

मग मुलाच्या आईचाच निरोप आला. ना तुमच्या घरी, ना आमच्या. मध्ये कुठंतरी बसू, चार घास खाऊ आणि काय असेल ते समोरासमोर बोलू. कुणाच्या घरी गेलं की पाहुणचाराचं ओझं होतं आणि मनातलं बोलणं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पण मधी बसायचं कुठं?" आबा म्हणाले.

मी लगेच बोललो, "मला म्हाईत हाय एक जागा. भिगवणच्या पुढं, डाळजजवळ. सोलापूर रोडला. फॅमिली गार्डन हाय, बसायला झाडाखाली टेबलं."

"तू कधी गेलतास?"

"कंपनीतल्या पोरांबरोबर. जेवायला."

हे अर्धंच खरं होतं. कारखान्यातले आम्ही चौघं शनिवारी संध्याकाळी दोन मोटारसायकलींवरून तिथं जायचो. जेवायचो, पण आधी बिअर प्यायचो. बारामतीत ओळखीचं कुणी बघेल म्हणून इतक्या लांब जायचं. आमच्यासाठी ती चैनीची जागा होती. अशोकाच्या झाडांवर लाल-हिरवे दिवे, मध्ये कारंजं, पांढऱ्या खुर्च्या, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचे उजेड. तिथं बसलं की आपण मोठे झालो असं वाटायचं. तिथलं जेवण कसं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन ग्लास पोटात गेल्यावर समोर येईल ते छानच लागायचं.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही घरचे चौघं निघालो. बारामतीहून भिगवणपर्यंत एसटी आणि पुढं माणसं भरून नेणारी वडापची जीप. आईनं लग्नकार्यात नेसायची साडी नेसली होती. आबांनी पांढरा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं. जीपमध्ये आक्का माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "चांगलं हाय ना रं तितं?"

"एक नंबर," मी म्हणालो.

जीप थांबली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी ती जागा दिवसाउजेडी पहिल्यांदाच बघत होतो. फाटकावरच्या पाटीवर 'परमिट रूम' ही अक्षरं इतकी मोठी होती, आणि ती याआधी माझ्या नजरेस कशी पडली नाहीत, कोण जाणे. त्याखाली बारीक अक्षरांत 'फॅमिली गार्डन, शुद्ध शाकाहारी व मांसाहारी'. कारंजं कोरडं होतं आणि त्याच्या तळाशी बाटल्यांची बुचं पडली होती. दिव्यांच्या माळा झाडांवरून मेलेल्या वेलींसारख्या लोंबत होत्या. रिकाम्या बाटल्यांचे क्रेट भिंतीला लावून छातीइतके रचले होते आणि आदल्या रात्रीचा आंबट वास अजून तसाच होता.

आबांनी पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चला. पाव्हणं उन्हात हुबं ऱ्हायलं आसतील."

पाहुणे आधीच पोचले होते. मुलगा, त्याची आई आणि मामा. फॅमिलीसाठी वेगळी व्यवस्था म्हणजे क्रेटच्या पलीकडं हिरव्या कापडाचे आडपडदे लावून केलेले तीन कप्पे. त्यातल्या एका कप्प्यात आम्ही सातजण दोन टेबलं जोडून बसलो. वर पंखा फिरत होता, एवढंच बरं होतं.

तेवढ्यात वेटर आला. उंच, पिकलेल्या मिशांचा, पन्नाशीचा माणूस. शनिवारी आमच्या टेबलाला नेहमी तोच असायचा आणि आम्ही त्याला बरी टीप द्यायचो. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"या सायेब! आज दुपारचंच? न्हेमीचं आणू का?"

मी मेनूच्या कागदात डोळे घातले.  मग मामा मोठ्यानं हसले.

"वा! म्हंजी पाव्हणं हितलं जुनं गिऱ्हाईक हाय म्हणायचं!"

वेटरचं लक्ष तेव्हा कुठं आईकडं, आक्काकडं आणि आबांच्या पांढऱ्या शर्टाकडं गेलं. त्यानं एका क्षणात सगळं ओळखलं. "लिंबू सोडा हो," तो मामांना म्हणाला. "सायेब न्हेमी लिंबू सोडाच घेत्यात. दुसरं काय न्हाय."

त्याच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिक भाव होता की मला स्वतःलाच क्षणभर ते खरं वाटलं. पण आबा माझ्याकडं बघत होते. त्यांनी भुवया वर केल्या नाहीत की कपाळाला आठी घातली नाही. नुसतं बघितलं, आणि मग चष्मा काढून रुमालानं पुसायला लागले.

इतका वेळ गप्प बसलेला मुलगा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "मग सगळ्यांनाच लिंबू सोडा आणा. सात. ऊन लई हाय." तो हे असं म्हणाला, की जणू त्यासाठीच आम्ही सगळे आलो होतो.

सोडा आला. कोमट होता. त्याहून वाईट म्हणजे ग्लासांना बिअरचा वास होता. मुलाच्या आईनं ग्लास नाकापाशी नेला. दवाखान्यात आयुष्य गेलेल्या बाईला वास ओळखायला किती वेळ लागणार? त्यांनी तो शांतपणे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नुसतं पाणी मिळंल का? पेल्यात नको, तांब्यात आणा."

आबांनीही आपला ग्लास बाजूला सारला. आईला कशाचा वास आहे ते कळलं नाही. ती अर्धा ग्लास प्यायली आणि आक्काच्या कानात म्हणाली, "सोडा नासलाय का काय?"

मग जेवण सांगायचं ठरलं. मी मासे सुचवले. धरण जवळ, भिगवणचा मासा प्रसिद्ध. तेव्हा चिलापी सांगितली, कोंबडी सांगितली. मुलाच्या आई मांसाहार करत नसत, त्यांच्यासाठी मसाल्याची वांगी. आणि सगळ्यांना भाकरी.

"भाकरी सांच्याला आसती," वेटर म्हणाला. "भाकरीवाली बाई चारला येती."

"मग रोटी?"

"भट्टी सांच्यालाच पेटती."

"मग आता काय हाय?" आबांनी विचारलं.

"पाव हाय. आन भात."

पाऊण तास झाला तरी काही येईना. खरं तर ह्याच वेळात कामाचं बोलणं व्हायचं होतं. पण शेजारच्या कप्प्यात तीन ट्रकवाले येऊन बसले होते. त्यांची बाटली भरदुपारीच अर्ध्यावर आली होती. पडद्याच्या कापडातून त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि त्यांच्या बोलण्यात दर चौथा शब्द शिवी. मुलाच्या आई पदरानं वारा घेत पडद्याकडं बघत होत्या. आक्का टेबलावरच्या कापडाचा दोरा ओढत होती. आबांनी एकदा तोंड उघडलं, "तर आपला विषय आसा की," आणि पलीकडून कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार केला. आबांनी तोंड मिटलं. मग लाईट गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला आणि माश्या खाली उतरल्या.

जेवण आलं तेव्हा सगळ्यांची भूक लागून मेलीही होती. चिलापी काल तळलेली आणि आज परत तळलेली. वरून कडक आणि आतून कापसासारखी. कोंबडी हाडाजवळ लालसर, कच्ची. भात गार. पावाच्या कडा वाळलेल्या. कोंबडीच्या आणि वांग्याच्या रश्श्याचा रंग एकच, शेंदरी, आणि त्यावर बोटभर तेल. मी पहिला घास घेतला आणि मला वाटलं, आपण इतके दिवस हे खात होतो?

तरी आम्ही खात होतो. समोरच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून प्रत्येकजण चावत होता. आईनं तर "मसाला चांगला हाय," असंही म्हणून टाकलं. तेवढ्यात मुलाच्या आईनं पावाचा तुकडा वांग्याच्या रश्श्यात बुडवला, वर काढला, आणि त्याबरोबर कोंबडीचं एक बारीक हाड आलं.

त्यांनी ते ताटाच्या कडेला ठेवलं.  पण मामांनी ते बघितलं आणि ते उसळून उठले. "अरे कोण हाय का रं हितं? बोलवा मालकाला!"

वेटर धावत आला. त्याच्या मागून मॅनेजर आला, दात कोरत. मामांनी हाड दाखवलं. मॅनेजरनं वाकून ते नीट बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, रस्सा सगळ्याला एकच आसतोय. आत टाकायचं तेवढं बदलतं."

मामा त्याच्यावर ओरडायला लागले. मॅनेजर मागं हटला आणि त्यानं वेटरला पुढं केलं, तशी मामांनी आपली गाडी वेटरकडं वळवली. पलीकडचे ट्रकवाले पडदा वर करून बघायला लागले. मुलगा उठला, मामांच्या दंडाला धरून म्हणाला, "मामा, ह्यांनी नाही केलेलं. हे फक्त आणून ठेवतात. बसा तुम्ही." मग वेटरला म्हणाला, "तुमी जावा काका. आमचं झालं."

आक्का त्याच्याकडं बघत होती. आतापर्यंत तिनं सरळ वर तोंड करून कुणाकडंच बघितलं नव्हतं.

आबांनी हात धुतले, बिल चुकतं केलं आणि म्हणाले, "उठा."

मला वाटलं, संपलं. आता बाहेर जाऊन जयभीम करतील आणि आम्ही परत पिंपळीला. मी सगळ्यांच्या मागं, चपला ओढत निघालो. फाटकापाशी वेटर उभा होता. तो हळूच म्हणाला, "सायेब, मला काय म्हाईत आसणार?" मी मान हलवली. त्याच्याशी बोलायचीही मला लाज वाटत होती.

हायवेच्या पलीकडं लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा कलिंगडं घेऊन बसला होता. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात लोक कलिंगडं लावतात, त्यातली ती. मुलाच्या आई आबांना म्हणाल्या, "दादा, मला उपाशी इंदापूरला पाठवणार का?" आणि उत्तराची वाट न बघता रस्ता ओलांडायला लागल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागं गेलो.

म्हाताऱ्यानं दोन कलिंगडं फोडली. आतून लालभडक आणि गार. बसायला काही नव्हतं. सातजण झाडाखाली उभे राहून खायला लागलो. आबांच्या पांढऱ्या शर्टावर रस सांडला. मामा बिया थुंकत होते. त्यांचा राग तिसऱ्या फोडीपर्यंत उतरला. सगळ्यांचे हात चिकट झाल्यावर कुणालाच ऐट दाखवता येईना.

आबा म्हणाले, "ताई, मी त्या दिवशी मध्यस्थापाशी वाकडं बोललो. तसं बोलायला नको हुतं."

"आमचा भाऊबी बोललाच की वाकडं," त्या म्हणाल्या आणि मामांकडं वळल्या. "व्हय का न्हाय?"

मामा थुंकायची बी तोंडात धरून म्हणाले, "व्हय. माझं चुकलं. पण कार्यालयात बरं पडतं, एवढंच माझं म्हणणं."

"बरं पडतं ते आज बघितलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या जागंत, दुसऱ्याच्या भांड्यात." मग पदरानं हात पुसून आबांना म्हणाल्या, "लग्न तुमच्या दारात करा. मंडप टाका, माणसं मावतील. पण एक अट हाय दादा. जेवण कसलं करायचं ते ह्या तुमच्या पोराला ठरवू देऊ नका."

आई तोंडाला पदर लावून हसली. आक्का हसली. मुलगा दुसरीकडं बघत हसला. मामा तर इतके हसले की बी नरड्यात अडकून खोकायला लागले. मीही हसलो. आबा मात्र हसले नाहीत.

परतीच्या एसटीत आबा खिडकीपाशी बसले, मी उभा होतो. घरी आल्यावरही ते काही बोलले नाहीत. आईला अजून कळलेलंच नव्हतं, किंवा कळलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

सकाळी आम्ही दोघं बरोबरच बाहेर पडायचो. मी कारखान्यात, ते ऑफिसला. थांब्यापर्यंत दहा मिनिटं चालायचं. दुसऱ्या दिवशी निम्म्या वाटेवर ते म्हणाले, "किती दिस झालं?"

"काय?"

"काय म्हणून इचारू नगंस."

"वरीस झालं. शनवारी फक्त."

थोडं चालल्यावर ते म्हणाले, "त्या माणसाला तू शिकवलंतंस का, लिंबू सोडा म्हणून सांगायला?"

"न्हाय. त्यो आपनहून बोलला."

"पंचशील येतंय का तुला?"

"येतंय."

"चौथं शील काय?"

"खोटं बोलणार नाही."

"आन पाचवं?"

मी मान खाली घालून म्हणालो, "नशा करणार नाही."

"पाचवं तू मोडलंस. तेवीस वर्षाचा हायस, तुझं तू बघ. पण त्या गरीब माणसाला चौथं कशाला मोडायला लावलंस? त्याला काय पडलंतं? आन त्या मास्तरनंबी तुला सावरून घ्यायला सगळ्यांना त्यो घाण सोडा प्यायला लावला."

पुढं थांबा आला. तिथं ओळखीची माणसं उभी होती. आबांनी त्यांना नेहमीसारखा जयभीम घातला आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागले. त्यांनी मला मारलं असतं किंवा शिव्या दिल्या असत्या तर माझ्याजवळ उत्तर तयार होतं. सगळे पितात, मी माझ्या पगारातून पितो, अशी वाक्यं मी रात्री जुळवून ठेवली होती. ती एकही उपयोगाला आली नाही.

लग्न मे महिन्यात आमच्या दारात झालं. माणसं मावली. मामांच्या ऑफिसातलं फार कुणी आलं नाही, पण मामा स्वतः दोन दिवस आधी येऊन मंडपाच्या दोऱ्या ओढत होते. निघताना आक्का रडली नाही. तिनं आबांच्या शर्टाची वरची गुंडी लावली आणि जीपमध्ये जाऊन बसली. दाजींची आणि माझी त्यानंतर चांगली गट्टी जमली. त्या दुपारचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही.

त्या दिवसापासून मी दारू सोडली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. पावसाळ्यात एका शनिवारी मित्र बोलवायला आले. मी चपला घातल्या आणि दारातून परत फिरलो. आबा ओसरीवर बसले होते.

"आबा, मी पोरांबरोबर चाललोय. सोलापूर रोडला."

त्यांनी वर्तमानपत्रातनं डोकं वर काढलं. मी काय सांगतोय ते त्यांना कळलं. "बरं," ते म्हणाले. "गाडी हळू चालवा. पावसाचं दिस हायत."

तेव्हापासून मी सांगूनच जायला लागलो. जायला काही वाटायचं नाही, पण दर वेळी ओसरीवर थांबून सांगायचं जिवावर यायचं. मग महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून. पुढच्या वर्षी चौघांतला एकजण पुण्याला गेला, एकाचं लग्न झालं, आणि ते जाणं बंद पडलं. मी कुठली शपथ घेतली नव्हती. आबांनीही पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही.